खाजणाचं कांदळवन होतं तेव्हा नक्की काय बदलतं? प्रोजेक्टसाठी विषय शोधतेय, जाणकारांनी सांगा

खारेपाटातली:
नमस्कार मंडळी. मी एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात. आमच्याकडे खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवून खाजण (खार जमिनीतली शेती) राखणाऱ्या बांधाला, खांड पडली (भगदाड पडलं) आणि नंतर ती बुजवलीच नाही, त्यामुळे बरीच शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली आणि आता तिथे तिवरांचं रान उभं आहे. पलीकडे काही जणांनी कोळंबीचे तलाव केलेत, रस्त्याच्या बाजूला भराव टाकून प्लॉट पाडलेत. म्हणजे एकाच खाडीच्या काठाला भातशेती, कांदळवन, तलाव आणि भराव असं सगळं डोळ्यासमोर दिसतं. मला वाटलं प्रोजेक्टला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार.
पण पेपर शोधायला बसले आणि गोंधळून गेले. पाणथळ जागांचा वापर बदलल्यावर काय परिणाम होतात यावर हजारो पेपर आहेत, त्यातले निम्मे चीनचे वाटतात, बाकी अमेरिका, कोणी पक्षी मोजतंय, कोणी मिथेन, कोणी फक्त सॅटेलाइटचे नकाशे. सर म्हणतात कार्बनवर कर, सध्या तेच चालतं. घरी काका म्हणतात आमची शेती गेली आणि तू त्याला चांगलं झालं म्हणून लिहिणार का. दोन्ही ऐकून डोकं जड झालंय. हे संशोधन नक्की कुठून कुठे चाललंय आणि त्यातलं आपल्या कोकणात कामाला येईल असं काय आहे, कोणी नीट सांगेल का?

चिखलमाती:
चांगला प्रश्न विचारलास, आणि जागाही चांगली आहे. मी किनारी मातीवर काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.
या विषयाचा प्रवास थोडक्यात बघ. १९७१ ला इराणमधल्या रामसरला करार झाला (भारत त्यात १९८२ ला आला) तेव्हा मुख्य काळजी पाणपक्ष्यांची होती, त्यामुळे सुरुवातीचं बरंचसं काम म्हणजे पक्षी मोजा, वनस्पतींची यादी करा, किती जागा उरली ते लिहा. नव्वदच्या दशकात गाडी 'निसर्ग आपल्याला काय देतो' याकडे वळली, १९९७ ला कोस्टांझा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या परिसंस्थांच्या सेवांची पैशात किंमत काढली तेव्हापासून पाणथळ जागेची किंमत किती हा प्रश्न सगळीकडे विचारला जायला लागला. २००८ ला लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांचा सगळा साठा फुकट झाला आणि नकाशांचा पूर आला. २००९ ला 'ब्लू कार्बन' (कांदळवनासारख्या किनारी जागांत साठणारा कार्बन) हा शब्द आला, २०११ ला डोनाटो वगैरेंनी दाखवलं की हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या कांदळवनात हेक्टरी सरासरी हजार टनाच्या वर कार्बन आहे आणि त्यातला बहुतेक झाडात नसून खालच्या चिखलात आहे, तिथून सगळे कार्बनच्या मागे लागले. तुझे सर सांगतायत ते या लाटेतलं आहे, चुकीचं काही नाही त्यात.
चीनचे पेपर जास्त का, तर तिथे बदलच प्रचंड झाले. ईशान्येच्या सांजियांग मैदानातली दलदल सुकवून सोयाबीन आणि भात लावला, किनाऱ्यावर भराव टाकला, १९७९ ला किनारा धरून ठेवायला म्हणून अमेरिकेतलं स्पार्टिना गवत आणलं आणि ते इतकं पसरलं की आता उपटून काढायला पैसे घालतायत. त्यामुळे 'आधी काय होतं, नंतर काय झालं' याचे तयार नमुने त्यांच्याकडे आहेत. आग्नेय आशियात कांदळवनं तोडून कोळंबीचे तलाव झाले त्यावरही भरपूर काम आहे.
आता एक गोष्ट लक्षात ठेव, म्हणजे पेपर वाचताना फसणार नाहीस. २०१४ च्या डेव्हिडसनच्या पेपरमधला '१७०० सालापासून जगातल्या ८७ टक्के पाणथळ जागा गेल्या' हा आकडा तुला सगळ्या भाषणांत सापडेल. २०२३ ला नेचरमध्ये जो मोठा अभ्यास आला त्यात तेवढ्याच काळासाठी आकडा २१ टक्के आहे, म्हणजे सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. इतका फरक कसा? पहिल्यात जिथे कोणी अभ्यास केलाय तिथलेच आकडे गोळा केले होते आणि अभ्यास बहुतेक वेळा जिथे जास्त नाश झाला तिथेच होतो, दुसऱ्यात सगळ्या जगाचा इतिहास पुन्हा मांडायचा प्रयत्न आहे. २१ टक्के म्हणजे थोडं नुकसान असं अजिबात नाही, आणि युरोप, अमेरिका, चीन, भारताच्या काही भागांत ते कितीतरी जास्त आहे. पण कुठे बघितलं यावर उत्तर ठरतं, हे तुझ्या खाडीलाही लागू आहे.
माझं स्वतःचं मत विचारशील तर कोकणात जागा किती होती आणि किती उरली यापेक्षा पाणी कसं येतं आणि कसं जातं हे बघायला हवं. खाजणाचं सगळं जगणं त्यावर आहे. भरतीचं पाणी अडवलं की माती बदलते, मातीतले जीव बदलतात, वायू बदलतात. परत आत घेतलं की पुन्हा सगळं बदलतं, पण उलट्या क्रमाने आणि पहिल्यासारखं होईलच असं नाही. अलीकडचं चांगलं संशोधन याच बाजूला सरकतंय.

पेणचा खारवाला:
मुली, तुझ्या काकांचं बरोबर आहे. मी पण खार कसणारा, पेणच्या बाजूचा. आमच्याबद्दल लिहिणारे बरेच येतात आणि फोटो काढून जातात म्हणून मुद्दाम लिहितोय.
आधी खारशेती चालते कशी ते समजून घे. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, खालचं मीठ वर येतं, जमीन पांढरी दिसते. पावसाळा लागला की पहिल्या पाण्याने ते मीठ धुऊन खाली जातं नि उघाडीतून खाडीत जातं, मग भात लागतं. एकच पीक. राता भात आमचे आजे-पणजे लावायचे, काळा राता, भुरा राता, नंतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशी बियाणी काढली ती लावली. भात कापल्यावर तळ्यातला जिताडा. हे सगळं कशावर, तर बांध आणि उघाडीवर.
उघाडी म्हणजे बांधातलं दार, तू बघितली असशीलच पण शहरातले वाचणारे असतील म्हणून सांगतो. फळी वरच्या बाजूला टांगलेली असते, खालून मोकळी. ओहोटीला आतलं पाणी जोर करतं नि फळी बाहेर ढकलून निघून जातं, भरतीला बाहेरचं पाणी तीच फळी दाबून घट्ट बसवतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पण फळीच्या खाली चिखल साचला, काठावर शिंपल्यांचे थर बसले की ती बोटभर उघडी राहते, आणि बोटभर पुरतं. उधाणाला त्या फटीतून खारं पाणी आत येतं, पहिल्या वर्षी उघाडीजवळचं भात पिवळं पडतं, मग पुढचं. पूर्वी गावकीने सगळे मिळून उन्हाळ्यात चिखल काढायचे, बांधाला माती लावायची. १९४८ ला खार जमिनीचा कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, बांधांची कामं सरकारी योजनेत गेली, तरणी पोरं मुंबईला आणि कंपनीत गेली, आता गावकीत कोणी उतरत नाही आणि निधीची वाट बघत बघत बांध जातो.
आमची खांड पडली तेव्हा अर्ज केले, कोणी आलं नाही. तिवरं उगवली तेव्हा मात्र पंचनामा करायला आले, आता बांध दुरुस्त करायला गेलो तर कांदळवनाला हात लावला म्हणून गुन्हा. सातबारा आमचा, पण बैल घालता येत नाही. आम्ही तिवरं तोडणारे नाही हो, खाडीच्या अंगाला बांधाबाहेरची तिवरं आमच्याच बापजाद्यांनी राखली, लाटेचा मार तीच घेतात म्हणून. पण पिकतं शेत बुडालं त्याला निसर्ग परत आला असं कोणी लिहिलं की पोटात कालवतं.

नकाशेवाला:
खारवाले काका, तुम्ही जे लिहिलंय ते नकाशात दिसत नाही हीच मोठी अडचण आहे. मी जीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे करायचं तंत्र) काम करतो, त्याच बाजूने बोलतो.
भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन २०१५ ला २२२ चौरस किलोमीटर, २०१७ ला ३०४, २०१९ ला ३२०, २०२१ ला ३२४. बातम्यांत वाढलं वाढलं म्हणून आलं. मग २०२३ च्या अहवालात ३१५, आणि गंमत म्हणजे त्याच अहवालात महाराष्ट्रात सुमारे १२ चौरस किलोमीटरची वाढ दाखवलीय, कारण मागचा आकडा सुधारून घेतला होता. म्हणजे दोन अहवालांचे छापील आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नकोस. यातली नवी लावलेली झाडं किती, बारीक बघितल्यामुळे नकाशात आलेली जुनी किती, आणि काकांसारख्यांच्या शेतात खांडीतून आलेली किती, हे वेगळं केल्याशिवाय 'वाढ चांगली की वाईट' यावर बोलता येणार नाही. हा प्रश्न मला तरी कार्बनपेक्षा आधीचा वाटतो.
दुसरं, सॅटेलाइटवर चिखलाचे पट्टे मोजायला गेलीस तर जपून. जगात जिथे पुरेसा डेटा होता तिथले भरतीचे चिखलपट्टे १९८४ ते २०१६ मध्ये १६ टक्के घटले असा मरे आणि मंडळींचा २०१९ चा पेपर आहे, तो वाच, पद्धत छान आहे. पण आपल्या किनाऱ्याची एक खोड आहे. सेंटिनेल-२ आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो, लँडसॅट पण साधारण त्याच सुमाराला. आता कोळी लोकांचा हिशेब लाव, तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता भरती म्हणजे बाराला ओहोटी. पुनवेला अवसेला बाराच्या आसपास भरती, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. म्हणजे सॅटेलाइटला ओहोटी मिळते ती अष्टमीच्या आसपासची, भांगाची, जेव्हा पाणी फार मागे जातच नाही. उधाणाची खरी खोल ओहोटी, जिच्यात तिसऱ्या (शिंपले) काढायला बायका पार लांबवर उतरतात, ती सहाच्या सुमाराला असते आणि ती या सॅटेलाइटच्या फोटोत जवळजवळ कधीच येत नाही. त्यामुळे आपल्या खाड्यांचा सगळ्यात खालचा चिखल नकाशात कायम पाणी म्हणून पडतो. तो गाडला गेला, उपसला गेला, तरी नकाशात फरक दिसणार नाही.
आणि कायद्याचं पण बघून ठेव. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातशेती, मिठागरं आणि मत्स्यशेतीसाठी केलेले तलाव वगळलेत, सीआरझेडमधल्या (किनारा नियमन क्षेत्र) जागाही त्या नियमांच्या बाहेर. म्हणजे तू ज्या चार गोष्टी लिहिल्यास त्यातली पाणथळ जागा म्हणून त्या नियमांखाली येणारी एकही नाही. कांदळवनाला संरक्षण आहे ते सीआरझेड, वन कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे. मिठागराचं संरक्षण त्याहून कच्चं, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात त्यातले कितीतरी मिठागरांवरच असतात.

खाडीकाठची:
मी मालवण तालुक्यातली. तिसऱ्यांचं नाव निघालं म्हणून लिहितंय. आमच्याकडे खाडीत ओहोटीक उतरून कालवां, मुळे, खुबे असे शिंपले काढणाऱ्या सगळ्या बायका आहेत. होडीचं लायसन्स नाही, जाळं नाही, त्यामुळे मासेमारीच्या कुठल्याच आकड्यात त्या नाहीत. खाडीत वाळूचा उपसा झाला की तळ खोल होतो, काठ ढासळतो, जिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून पायाने चाचपत मुळे काढायचो तिथे आता बुडायला होतं. वापर बदलला की परिणाम काय असं विचारतेस ना, तर आमच्यासाठी परिणाम म्हणजे टोपली.
ताई, तू झाडं मोजशील, माती मोजशील, चिखलातले जीव पण मोज. तिवरं वाढली म्हणजे सगळं आलं असं नाही. बांध फुटलेल्या शेतात आधी नुसती तिवरं येतात दाटीवाटीने, एकसारखी, आत पाय ठेवायला जागा नाही. जुन्या कांदळवनात कांदळ असतो, चिप्पी असते, त्याच्या मुळांवर कालवं बसतात, बिळात कुर्ल्या असतात. बाहेरून दोन्ही हिरवंच दिसतं. कुर्लीची बिळं मोजायला पैसे लागत नाहीत, दोरीचा चौकोन टाकायचा आणि मोजायचं, मोठी बिळं वेगळी, बारीक वेगळी. कुठल्या बिळात कुर्ली आहे आणि कुठलं रिकामं हे कुठल्याही खाडीवरच्या बाईला विचार, कडेचा चिखल ओला ताजा आहे का बघून ती लगेच सांगेल.
वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, त्यांना भेटून ये जमलं तर. त्यांच्यासाठी कांदळवन म्हणजे रोजगार आहे, पेणच्या काकांसाठी बुडालेलं शेत, दोन्ही खरं आहे.

खारेपाटातली:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. चिखलमाती सर, तुम्ही म्हणालात पाणी अडवलं की वायू बदलतात, ते जरा सोपं करून सांगाल का? सरांना कार्बन हवाच आहे, तर तो या उघाडीच्या गोष्टीशी जोडता येईल का?

चिखलमाती:
येईल, आणि जोडायलाच हवा.
समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथे सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन करणाऱ्या जिवाणूंचं खाणं आधीच पळवतात, त्यामुळे नियमित खारं पाणी येणाऱ्या कांदळवनात मिथेन कमी सुटतो. क्षारता साधारण १८ च्या (हजार भागांत १८ भाग मीठ) वर असेल तर मिथेन बराच कमी असतो, असं खाऱ्या दलदलींच्या अभ्यासांची तुलना करून २०११ मध्ये दाखवलंय. आता उघाडीने भरती बंद केली आणि आत पावसाचं गोडं पाणी तुंबलं, सल्फेट संपलं, की तीच जागा मिथेन सोडायला लागते. उलट उन्हाळ्यात तीच माती सुकते, हवा आत शिरते आणि शेकडो वर्षं साठलेला कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, जमीन खचते. म्हणून बाहेरच्या देशांत आता अडवलेलं भरतीचं पाणी परत आत सोडणं हा हवामानाचा उपाय म्हणून अभ्यासला जातोय.
पण म्हणून काकांची उघाडी तोडा असं त्यातून निघत नाही, हे मी ठासून सांगतो. त्या अभ्यासातल्या बऱ्याच जागांवर कोणाचं पोट नव्हतं. आपल्याला जवळचे नमुने केरळातली पोक्काळी शेती आणि गोव्यातली खाजणं. पोक्काळीत पावसाळ्यात भात आणि नंतर त्याच शेतात भरतीचं पाणी घेऊन कोळंबी, गोव्यात 'मानस' म्हणजे त्यांची उघाडी, तिच्यावर मासेमारी पण चालते. म्हणजे पाणी पूर्ण बंद किंवा पूर्ण मोकळं या दोनच वाटा नाहीत, दाराने किती आणि कधी घ्यायचं ते ठरवता येतं. यावर कोकणात मोजमाप करून लिहिलेलं काम हवंय.
आता प्रोजेक्टपुरतं. एकाच खाडीवर तीन जागा घे, उघाडी धड चालते ते शेत, खांडीने बुडालेलं शेत आणि कधीच बांध न घातलेलं जुनं कांदळवन. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर अशी दोनदा माती घे, शक्यतो एक मीटर खोलीपर्यंत, थराथराने. क्षारता, पीएच, सेंद्रिय कार्बन, आणि घनता विसरू नकोस, कारण नुसती टक्केवारी काढून हेक्टरी कार्बन निघत नाही, थराची जाडी गुणिले घनता गुणिले कार्बन असं जावं लागतं. महागडं यंत्र नसेल तर माती भट्टीत जाळून वजनातली घट काढायची पद्धत चालते. कुर्लीची बिळं त्याच चौकोनात मोज. मिथेनच्या मागे एमएस्सीला लागू नकोस, चेंबर, सिरिंज, गॅस क्रोमॅटोग्राफ यात वर्ष जाईल. कोळंबी तलाव आणि भराव पण सोड, चार गोष्टी घेतल्यास तर एकही पुरी होणार नाही. कांदळवनात माती काढायला वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागेल, अर्ज आत्ताच टाक.
एकच अडचण राहते. तीन जागा शेजारी ठेवून 'आधी आणि नंतर' म्हणायचं तर बुडालेलं शेत कधी बुडालं ते पक्कं माहीत हवं. तिवरं पाच वर्षांची की पंधरा, यावर सगळा अर्थ बदलतो.

नकाशेवाला:
जुन्या लँडसॅटमध्ये तिवरं कधी दिसायला लागली ते काढता येईल, पण ३० मीटरच्या चौकटीत छोटं शेत हरवतं, आणि पाणी आत आल्यावर झाडं दाट व्हायला मध्ये काही वर्षं जातात. सेंटिनेल २०१५ नंतरचा. त्यामुळे नकाशावरून तारीख अंदाजेच निघेल.

पेणचा खारवाला:
तारीख कागदावर आहे. सातबाऱ्यातला बारा नंबर बघ, पीकपाहणी. दरवर्षी कुठल्या गटात काय पीक होतं ते तलाठी लिहायचा. भात भात भात असं येतं आणि मग एका वर्षी पड. तिथे पाणी शिरलं. काही ठिकाणी पाहणी न करता मागचंच उतरवलेलं असतं म्हणून एका सातबाऱ्यावर जाऊ नको, शेजारचे पाच-सहा गट ताडून बघ, म्हणजे उघाडीपासून पाणी कुठल्या वर्षी कुठवर पोचलं ते पण कळेल. जुने हाताने लिहिलेले उतारे तहसीलला मागायला लागतील, अर्जात गट नंबर आणि वर्षं नीट लिही नाहीतर फेऱ्या मारायला लावतात.

खारेपाटातली:
काका हे फारच कामाचं आहे. आमच्या घरचे गट नंबर काकांकडे आहेतच, शेजारच्यांचे त्यांनाच विचारायला लावते, ते स्वतः आले तर लोक उतारे पण देतील. सोमवारी तहसीलला जाऊन अर्ज देते आणि कांदळवन कक्षाचा पण टाकते. मालवणच्या ताई, बिळं मोजायचा चौकोन किती मोठा घ्यायचा?

खाडीकाठची:
मीटर बाय मीटर पुरे. प्रत्येक जागेत दहा तरी टाक, पाण्याच्या कडेपासून आतपर्यंत अंतर सोडत, एकाच ठिकाणी दहा नको. आणि चप्पल घालून उतरू नकोस, चिखलात अडकते, जुने मोजे दोन-दोन चढव, कालवं कापतात पायाला.